पहिली कथा स्पर्धेला पाठवताना: नियमांच्या कागदापासून पोचपावतीपर्यंत

आमच्या वाचनालयाची दिवाळीच्या आधी नवोदितांसाठी कथास्पर्धा असते आणि गेली काही वर्षं छाननीचं काम माझ्या गळ्यात पडलंय. छाननी म्हणजे परीक्षण नव्हे हं, कथा चांगली की वाईट ते मी ठरवत नाही, परीक्षकांकडे गठ्ठा जाण्याआधी प्रवेशिका नियमात बसते का एवढंच बघायचं. आणि दरवर्षी तेच. पहिल्या दोन ओळी वाचून वाटतं की वा, बसावं वाचत, आणि खाली बघतो तर प्रत्येक पानावर नाव आणि मोबाईल नंबर. किंवा मर्यादा २००० शब्दांची आणि आलेत ३१००. किंवा फाईल उघडली की नुसते चौकोन. अशी कथा बाजूला ठेवताना खरंच जिवावर येतं, पण एकाला फोन करून सांगितलं तर सगळ्यांनाच सांगावं लागेल, मग कुणालाच सांगत नाही.

म्हणून हे लिहितोय. कथा सुचते कशी वगैरे इथे मिळणार नाही. तुमच्याकडे एक कथा आहे किंवा होऊ घातलीये, तुमचं अजून कुठे काही छापून आलेलं नाही, आणि ती स्पर्धेला पाठवायचीये, एवढं धरून चाललोय.

१. आधी नियमावली, कथा नंतर

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टरवर विसंबू नका. पोस्टरवर बक्षिसाचा आकडा मोठा असतो आणि नियम खाली मुंगीच्या अक्षरात, त्यातही अर्धे. आयोजकांची पूर्ण नियमावली मिळवा, प्रिंट काढा (खरंच काढा) आणि पेन्सिल घेऊन बसा. यांच्याखाली रेघ मारा: कोण भाग घेऊ शकतं, कुठली कथा चालते, शब्दमर्यादा, नाव कुठे लिहायचं आणि कुठे नाही, एकाने किती कथा पाठवायच्या, शेवटची तारीख. तारखेच्या बाबतीत बघा की ती पाठवण्याची आहे की पोचण्याची. "३१ जुलैपर्यंत प्रवेशिका पोचाव्यात" म्हणजे ३१ ला पोस्टात टाकून चालत नाही, आणि हे दरवर्षी कुणीतरी करतंच.

सगळ्यात जास्त घोळ "अप्रकाशित" या शब्दाचा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, लेखक अप्रकाशित. यातही कुणी म्हणतं एकही पुस्तक आलेलं नसावं, कुणी म्हणतं एकही कथा कुठे छापून आलेली नसावी, म्हणजे ज्याच्या दोन कथा दिवाळी अंकात आल्यात पण पुस्तक नाही तो पहिल्या अर्थाने चालतो, दुसऱ्या अर्थाने नाही. दोन, कथा अप्रकाशित. तुम्ही कितीही नवे असा, कथा आधी कुठे आलेली नसावी. आणि "कुठे" मध्ये फेसबुक, प्रतिलिपीसारखं कथांचं ॲप, तुमचा ब्लॉग, सोसायटीची स्मरणिका, ऑफिसची गृहपत्रिका हे सगळं आलं. "पण फक्त मित्रांनाच दिसत होतं" हे आयोजकांना सांगत बसू नका. शंका असेल तर आधी मेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

*सावधान:* पोस्ट आता डिलीट करून कथा "अप्रकाशित" होत नाही. मी स्वतः कथेतलं एखादं वेगळं वाक्य उचलून अवतरणचिन्हात टाकून सर्च करतो, आणि कुणीतरी शेअर केलेली कॉपी बऱ्याचदा सापडते, कधी कधी तर भलत्याच माणसाच्या नावावर.

अजून एक गल्लत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना ही कथास्पर्धा नाही, तिथे पहिल्या पुस्तकाचं आख्खं हस्तलिखित द्यायचं असतं, एक कथा पाठवून उपयोग नाही. आणि साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार छापून आलेल्या पुस्तकाला असतो, ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, पण आत्ता तुम्हाला करायचंय ते वेगळं आहे.

२. हक्क आणि पैसे: पाच मिनिटं द्या

नियमावलीत शेवटून दुसरा-तिसरा मुद्दा हक्कांचा असतो आणि तो कुणी वाचत नाही. "विजेत्या कथा अंकात छापण्याचा हक्क आयोजकांकडे राहील" हे रास्त आहे. "आलेल्या सर्व कथांचे सर्व हक्क कायमस्वरूपी आयोजकांकडे" हे नाही. म्हणजे बक्षीसही नाही आणि उद्या तुमच्या संग्रहात ती कथा घ्यायची तर यांना विचारा.

कायद्याचं एवढं माहीत असू द्या: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा लिहिली की हक्क तुमचा झाला, नोंदणीची सक्ती नाही, आणि तो लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि तुमच्या सहीनेच. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि कुठल्या प्रदेशापुरता हे लिहिलेलं नसेल तर भारतापुरता. म्हणून सही करायला आलेल्या हमीपत्रात "कायमस्वरूपी" शब्द आहे का ते बघा.

प्रवेश शुल्काला माझा सरसकट विरोध नाही, छोट्या संस्थांना टपालखर्च आणि परीक्षकांचं मानधन काढायचं असतं. पण "अभिनंदन! आपली कथा प्रातिनिधिक संग्रहासाठी निवडली आहे, कृपया दहा प्रती सवलतीत घ्याव्यात" असा फोन आला तर ती स्पर्धा नव्हे, पुस्तकविक्री आहे. माझ्या एका मावसबहिणीच्या घरी अशा दहा प्रती अजून माळ्यावर आहेत, रद्दीवाल्याला द्यायला तिचा जीव होत नाही.

३. वेळापत्रक उलटं मांडा

शेवटच्या तारखेपासून मागे यायचं. समजा ३१ जुलै. तर २८ ला पाठवायचं, २५ ला फाईल तयार, १८ ते २४ शुद्धलेखन आणि दुसऱ्याकडून वाचून घेणं, ११ ते १७ कथेला हात लावायचा नाही, म्हणजे १० जुलैला कच्चा खर्डा पूर्ण झालेला पाहिजे. मधला तो आठवडा लोक खातात. आठ दिवसांनी कथा उघडली की जे वाक्य लिहिताना डोळ्यात पाणी आलं होतं तेच वाचताना कसंतरी वाटतं, आणि ते कळण्यासाठीच तो आठवडा ठेवायचा.

४. कथा मर्यादेत बसवणं

कादंबरीचं पहिलं प्रकरण तोडून पाठवू नका. लगेच ओळखू येतं, चार माणसं येतात आणि त्यातल्या तिघांचं पुढे काहीच होत नाही. कथेला तिचा स्वतःचा शेवट हवा. (आणि तो "तेवढ्यात गजर झाला आणि तिला जाग आली" हा नको, हात जोडतो.)

पहिला खर्डा लांबतोच, लांबू दे. कापायला सुरुवात मात्र वरून करा, कारण नवीन माणूस कथा सुरू व्हायच्या आधी घसा साफ करत असतो. हे बघा, अशा सुरुवाती मी कितीतरी वाचल्यात (ही नमुन्यासाठी मीच लिहिलीये):

"सकाळची प्रसन्न वेळ होती. सूर्याची कोवळी किरणे अंगणात पसरली होती. पक्ष्यांचा किलबिलाट सुरू होता. मंदाताई आज खूप आनंदात होत्या. कारण आज त्यांचा मुलगा सुहास तब्बल सात वर्षांनी घरी येणार होता. त्याच्या वाटेकडे त्यांचे डोळे लागले होते."

आणि हीच कापल्यावर:

"मंदाताईंनी तिसऱ्यांदा चहा ठेवला. आधीचे दोन मोरीत गेले होते. सुहासला साखर कमी लागायची की जास्त, हे सात वर्षांत विसरायला झालं होतं."

शब्द निम्म्याच्या जवळ आले, सूर्य आणि पक्षी गेले, आणि "आनंदात" हा शब्द जाऊन त्याजागी जरा जास्त खरं काहीतरी आलं. मुलगा येणार हे कुठे सांगितलंय? नाही सांगितलं, आणि तरी कळलं. शब्दमर्यादेचा फायदा हाच आहे, तिच्यावर चिडू नका.

मर्यादा "१५०० ते २०००" असेल तर खालची हद्दही तितकीच खरी. ११०० शब्दांची सुंदर कथाही बाद होते.

आता मोजणी, कारण इथे मराठीत एक गंमत आहे. वर्ड किंवा गूगल डॉक्स दोन स्पेसच्या मधलं जे काही असेल त्याला एक शब्द धरतं. "टेबला वरच्या फाईली मध्ये" असं तोडून लिहिलं तर चार शब्द, "टेबलावरच्या फाईलीमध्ये" असं बरोबर लिहिलं तर दोन. विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहायचं असतं, त्यामुळे आधी हे सगळं जोडून घ्या आणि मग मोजा, तुमचे पन्नासेक शब्द आपोआप सुटू शकतात. वर्डमध्ये दोन्ही बाजूंना स्पेस असलेली सुटी डॅशसुद्धा शब्द म्हणून मोजली जाते, संवादांत डॅश भरपूर वापरले असतील तर तेही बघा. गूगल डॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि सी दाबलं की आकडा येतो.

*तपासा:* शीर्षक मोजायचं की नाही हे नियमात नसेल तर मोजलेलं धरा आणि तरी आत राहा. मर्यादेच्या १०-२० शब्द आतच थांबा.

५. टायपिंग आणि शुद्धलेखन

बोलून टाईप करणारे आता खूप झालेत, मीही करतो, हा लेखही निम्मा तसाच झालाय. पण कथा तशीच पाठवू नका. बोलून टाईप केलं की विरामचिन्हं गायब असतात, नावं बदलतात, आणि कीबोर्ड चुकून हिंदीवर असेल तर वाक्याच्या शेवटी उभा दंड येतो. मराठीत पूर्णविराम टिंबाचा.

शुद्धलेखनाला घाबरायचं कारण नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ ला वाढवलेले ४ असे १८ नियम आहेत, एका दुपारी वाचून होतात. सगळ्यात जास्त चुका शेवटच्या अक्षराच्या: शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, "आणि" आणि "नि" हे अपवाद. "आणी" दिसलं की परीक्षकाच्या कपाळाला आठी पडते, कितीही मोठ्या मनाचा असला तरी.

"केले-झाले" की "केलं-झालं" हे एकदा ठरवा. दोन्ही चालतं. पण निवेदन "ती म्हणाली, मला बरे वाटत नाही" आणि पुढच्या परिच्छेदात "तिला बरं वाटत नव्हतं" असं डोलत राहिलं तर वाचणारा अडखळतो. बोलीभाषेचंही तेच. पात्र "न्हाई" म्हणत असेल तर शेवटपर्यंत "न्हाई", मध्येच "नाय" आणि मग "न्हाय" नको, ती तीन वेगवेगळ्या गावची माणसं वाटतात. आपली नसलेली बोली फक्त रंगासाठी वापरायची असेल तर त्या भागातल्या कुणाकडून तरी ऐकून घ्या, नाहीतर सरळ साधी मराठी लिहा.

मग कथा मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. आणि एका अशा माणसाला द्या जो "मस्त!" म्हणून परत देणार नाही. त्याला एवढंच विचारा की कुठे कंटाळा आला आणि कुठे कळलं नाही. सुचवण्या मागू नका, लोक कथेचा शेवट बदलून देतात.

६. फाईल

युनिकोडमध्येच टाईप करा (म्हणजे फोनवरच्या मराठी कीबोर्डवर येतात ती, कुठेही उघडणारी अक्षरं). श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी वगैरे जुन्या फॉन्टमधली वर्ड फाईल ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याच्याकडे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला होऊन उघडते. डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेणार असाल तर काम देतानाच "युनिकोडमध्ये हवंय" म्हणून सांगा. जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्टर वापरून आणलंत तर प्रत्येक ओळ डोळ्याखालून घाला, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकलेली असते. "दऱ्या", "सुऱ्या", "वाऱ्यावर" असे शब्द मुद्दाम शोधून बघा, तो ऱ्य बिघडतोच.

बाकी साधं: ए-फोर पान, अक्षर १२ ते १४ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, चारी बाजूंना इंचभर समास, पान क्रमांक. शीर्षक वर मधोमध. गुलाबाची बॉर्डर, रंगीत अक्षरं, पहिल्या पानावर गूगलवरून घेतलेला सूर्यास्त, काही नको. नियमात दुसरं काही लिहिलं असेल तर माझं सोडा, त्यांचं ऐका.

वर्ड मागितलंय तर वर्ड, पीडीएफ मागितलंय तर पीडीएफ. वहीच्या पानांचे मोबाईलवर काढलेले फोटो कुणीच मागत नाही. हाताने लिहिलेलं चालतं असं स्पष्ट असेल तर फुलस्केप, एकाच बाजूला, समास सोडून, आणि एक झेरॉक्स स्वतःकडे. मूळ प्रत एकच आणि तीच पाठवली असं करणारे अजूनही आहेत.

*तपासा:* तयार फाईल दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडा. तुमच्या लॅपटॉपवर सगळं छानच दिसतं. चौकोन किंवा ठिपक्यांची वर्तुळं दिसली तर आत्ताच कळू दे.

७. नाव पुसा

बहुतेक चांगल्या स्पर्धांत परीक्षकांना लेखकाचं नाव कळू देत नाहीत. म्हणून नाव, पत्ता, फोन फक्त वेगळ्या पानावर किंवा फॉर्ममध्ये. कथेच्या फाईलमध्ये नाव लपून बसतं अशा जागा: पानाचा हेडर-फूटर, कथेच्या शेवटी सवयीने टाकलेलं नाव, अर्पणपत्रिका ("माझ्या आईस, सौ. अमुक तमुक"), आणि फाईलचं नाव. मी स्वतः पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा हेडरमधून नाव काढलं, शेवटातून काढलं, आणि फाईल पाठवली ती "माझं नाव, फायनल, फायनल २" अशी. बाद. फाईलला फक्त कथेचं नाव द्या.

वर्डच्या फाईलमध्ये आतही नाव असतं. फाईल, मग इन्फो, मग इन्स्पेक्ट डॉक्युमेंट असं जाऊन वैयक्तिक माहिती काढून टाका, तिथेच कॉमेंट आणि ट्रॅक चेंजेस (केलेल्या बदलांच्या खुणा) राहिलेत का तेही कळतं. पीडीएफ करायची तर हे झाल्यावर करा. आणि गूगल डॉक्सची लिंक पाठवू नका, एक तर परवानगी द्यायची राहते आणि शिवाय मालक कोण ते दिसू शकतं.

८. पाठवणं

मेलने: विषयात स्पर्धेचं नाव आणि कथेचं शीर्षक. मजकूर चार ओळींचा, नमस्कार, अमुक स्पर्धेसाठी अमुक कथा जोडली आहे, सोबत प्रवेश अर्ज आणि हमीपत्र, संपर्क अमुक. कथेचा सारांश, तुमचा वाचनप्रवास, "काही चुकल्यास क्षमस्व" यातलं काही नाही. हमीपत्रात कथा माझी स्वतःची आहे, अनुवाद किंवा रूपांतर नाही, अप्रकाशित आहे आणि सध्या दुसऱ्या स्पर्धेत नाही असं साधारण असतं. एआयबद्दलही कलम असू शकतं, ते वाचून खरं तेच लिहा. सही करून स्कॅन करा. आधी फाईल जोडा, मग मजकूर लिहा, म्हणजे "जोडली आहे" लिहून मोकळाच मेल जात नाही.

गूगल फॉर्मने: फाईल अपलोड असेल तर गूगल अकाउंटने लॉगिन व्हावं लागतं, हे शेवटच्या रात्री कळलं की धावपळ होते. सबमिट झाल्याचा स्क्रीनशॉट काढा.

टपालाने: स्पीड पोस्ट करा, पावती आणि ट्रॅकिंग नंबर ठेवा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय, काउंटरवर वाद घालू नका. पत्ता पोस्ट बॉक्सचा असेल तर कुरियर तिथे पोचवत नाही. पाकिटावर स्पर्धेचं नाव ठळक लिहा, आणि तुमचं नाव बाहेर लिहायचं का हे नियमात बघा.

*सावधान:* पाठवल्यावर चूक सापडली म्हणून सुधारित प्रत, मग पुन्हा सुधारित प्रत असं करू नका. दोन प्रती आल्या की कुठली धरायची हा प्रश्न आमच्याकडे, आणि आम्ही सहसा पहिलीच धरतो.

९. पाठवल्यानंतर

आठ दिवसांत पोच आली नाही तर एक नम्र मेल. एकच. परीक्षकांना फोन करणं, ओळखीतून निरोप धाडणं, "माझी कथा बघितलीत का" असं फेसबुकवर टॅग करणं, याने कथा बाद होऊ शकते, आणि व्हायलाच हवी.

एका वहीत चार रकाने आखा: कथा, कुठे पाठवली, कधी, निकाल. निकाल लागेपर्यंत ती कथा दुसरीकडे पाठवायची नाही, फेसबुकवर टाकायची नाही. आधीच पाठवलेल्या कुठल्या अंकाने मध्येच ती स्वीकारली तर त्याच दिवशी स्पर्धेला कळवून मागे घ्या. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही संपादक तुमचं नाव लक्षात ठेवतात, नको त्या कारणासाठी.

निकालात नाव नसेल तर कारण कळवण्याची प्रथा नाही, विचारू नका. महिनाभराने कथा काढा, नियमांचा तो रेघा मारलेला कागद शेजारी ठेवा आणि आधी हे बघा की ती परीक्षकांपर्यंत पोचली तरी असेल का. पोचण्यासारखी होती असं वाटलं तर मंदाताईंचा चहा पुन्हा एकदा ठेवून बघा, आणि नसेल तर कथेला हात न लावता फाईल नीट करून पुढच्या स्पर्धेची नियमावली प्रिंट करा.